पाऊल, झाडू आणि पदपथ

एक

गेल्या वीस वर्षांत आपल्याकडच्या नगररचनाकारांना पायी चालणारा माणूस आठवू लागला आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्ता हा वाहने पुढे सरकवण्यासाठी नसून माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहे, अशी भूमिका घेतली. २०१६ साली पुणे महापालिकेने स्वतंत्र पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, बाके आली, मुलांसाठी खेळणी आली. २०२१ च्या ११ डिसेंबरपासून लक्ष्मी रस्त्यावर एक दिवस वाहने बंद ठेवून ‘पादचारी दिन’ पाळण्याची प्रथा सुरू झाली. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्याविना पदपथ वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे स्पष्ट केले. या साऱ्याचे स्वागतच केले पाहिजे. मी स्वतः बसस्थानकापासून महाविद्यालयापर्यंत रोज दीड मैल चालणारा मास्तर आहे. माझे बहुतेक विद्यार्थीही चालतच येतात. तेव्हा पदपथ नको असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

परंतु स्वागत करून थांबणे हे आपले काम नव्हे. पादचाऱ्याचे एक नवे शास्त्र तयार होत आहे. त्याची पुस्तके आहेत, परिभाषा आहे, नकाशे आणि रंगीत चित्रे आहेत. आपण कादंबरी वाचताना तिच्यातील माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या वर्गाचा आणि तो कोणाच्या नजरेने पाहिलेला आहे, हे विचारतो. मग नकाशातील माणसाविषयी हा प्रश्न का विचारू नये? या चित्रांकडे नीट पाहा. पदपथावरून एक तरुण जोडपे चालले आहे. एक बाई बाबागाडी ढकलीत आहे. एक निवृत्त गृहस्थ बाकावर वर्तमानपत्र वाचीत आहेत. डोक्यावर पाटी घेतलेली बाई त्या चित्रात नसते. नाक्यावर कामाची वाट पाहत उकिडवे बसलेले मजूर नसतात. आणि तो गुळगुळीत पदपथ पहाटे झाडून गेलेली बाई तर मुळीच नसते. ही वगळणूक चित्रकाराची विस्मृती म्हणून सोडून देता येत नाही. त्या शास्त्राने ‘पादचारी’ या शब्दात कोणाला धरले आहे, हे तिच्यातूनच कळते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : या देशात रस्ता सार्वजनिक आहे की नाही, हे त्याच्या रुंदीवरून ठरलेले नाही. त्या रस्त्यावर कारण न सांगता कोण उभा राहू शकतो, यावरून ते ठरत आले आहे. पदपथाची मापे ठरवणारे शास्त्र हा इतिहास बाजूला ठेवून चालू लागले, तर त्याने बांधलेला सुंदर पदपथही जुन्याच व्यवस्थेच्या कामी येईल.

दोन

पायी चालण्याचा प्रश्न आपल्यासाठी कोपनहेगनहून किंवा न्यूयॉर्कहून आलेला नाही. दलित चळवळीचा तो आरंभीचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पेशवाईतील रस्त्याचे वर्णन केले आहे. सवर्ण येत असेल तर अस्पृश्याने त्या रस्त्यावर यायचे नाही, कारण सावलीने विटाळ होतो. पुण्यात त्याने कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे मागे उमटलेली पावले आपोआप पुसली जातील. आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवायचे. नगररचनेच्या भाषेत बोलायचे तर ही रस्त्याच्या वापराची नियमावलीच होती. कोणी कोणत्या वेळी चालावे, कोणी बाजूला व्हावे, कोणाच्या पावलाचा ठसा राहावा आणि कोणाचा पुसावा, हे सारे तिने ठरवून दिले होते. तीत रस्त्याची रुंदी तेवढी नव्हती.

त्रावणकोर संस्थानात १८९३ च्या सुमारास पुलया समाजाचे अय्यनकाळी सजवलेल्या बैलगाडीत बसून बंदी असलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून गेले. त्याच संस्थानात ३० मार्च १९२४ रोजी वैकोमचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वेळी मागणी मंदिरात जाऊ द्या अशी नव्हती. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालू द्या, एवढीच होती. त्या रस्त्यांवरून ख्रिस्ती जात, मुसलमान जात. अवर्ण हिंदू मात्र फलकापाशी थांबत. वीस महिन्यांनी, १९२५ च्या अखेरीस, तडजोड झाली ती अशी, की तीन बाजूंचे रस्ते सर्वांना खुले आणि पूर्वेकडचा रस्ता बंद. त्यासाठी १९३६ च्या मंदिरप्रवेशाच्या राजघोषणेपर्यंत थांबावे लागले. चार रस्त्यांपैकी तीन मिळणे ही प्रगती खरीच. पण चौथा रस्ता बंद ठेवून पहिल्या तिघांना सार्वजनिक म्हणणारी व्यवस्था आपल्या ओळखीची आहे.

महाडची गोष्ट आपण पाण्याची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ती चालण्याचीही गोष्ट आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे व इमारती अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव संमत झाला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. ठराव होते, पाऊल पडलेले नव्हते. ते २० मार्च १९२७ रोजी पडले. परिषदेच्या मंडपातून निघालेले प्रतिनिधी रांगेने, शिस्तीने, गावाच्या रस्त्यांवरून चालत चवदार तळ्यावर गेले. पुढे सवर्णांनी न्यायालयात धाव घेतली तेव्हा त्यांचा दावा हाच होता, की तळे सार्वजनिक नाहीच, आमचे खाजगी आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. म्हणजे ‘सार्वजनिक’ या एका शब्दाच्या अर्थासाठी दहा वर्षे भांडावे लागले.

याच अनुभवातून आलेली एक ओळ राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात आहे. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्याबरोबर तेथे रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. शासनाच्या पैशाने राखलेल्या रस्त्यांच्या वापरापासून कोणाही नागरिकाला धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणाने वंचित ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. इतर देशांच्या नगररचनाकारांना जे सांगावे लागले नाही, ते आपल्या घटनेला सांगावे लागले. पदपथाच्या आखणीवरचे आपले कोणतेही पुस्तक येथून सुरू व्हायला हवे होते. ते तसे सुरू होत नाही, ही माझी पहिली तक्रार आहे.

तीन

ही पुस्तके सुरू होतात ती जेन जेकब्ज आणि यान गेल यांच्यापासून. या दोघांचे ऋण मी नाकारीत नाही. जेकब्ज बाईंनी १९६१ साली अमेरिकन शहरांच्या मरणाविषयी आणि जगण्याविषयी जे पुस्तक लिहिले, त्यात मोठमोठे महामार्ग घालून गोरगरिबांच्या वस्त्या उठवणाऱ्या तज्ज्ञांना त्यांनी उघडे पाडले. त्यांच्याकडे नगररचनेची पदवी नव्हती. आपल्या गल्लीचे निरीक्षण होते. ही गोष्ट मला जवळची वाटते. त्यांचा एक सिद्धांत फार गाजला : रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांमुळे नव्हे, तर रस्त्यावर असलेल्या अनेक डोळ्यांमुळे. दुकानदार, शेजारी, खिडकीतली बाई यांची नजर रस्त्यावर असते म्हणून अनोळखी माणूसही तेथून निर्धास्त जातो.

हा सिद्धांत आपल्याकडचे नगररचनेचे विद्यार्थी पाठ म्हणतात. पण आपल्या गावच्या वेशीत तो आणून पाहा. गावातल्या रस्त्यावर डोळे काही कमी नव्हते. ओट्यावर, पारावर, दुकानाच्या फळीवर डोळेच डोळे होते. वाड्यावरचा पोरगा इस्त्रीचे कपडे घालून निघाला, पायात चप्पल ठेवून निघाला, सायकलवरून न उतरता निघाला, की हेच डोळे त्याच्यावर रोखले जात. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवल्याच्या बातम्या देशाच्या कितीतरी भागांतून अजून येतात. तेथेही रस्त्यावर भरपूर डोळे असतात. डोळे असणे पुरेसे नाही; ते कोणाचे आहेत आणि कोणत्या धर्मशास्त्राचे आहेत, हे विचारावे लागते. बाबासाहेबांनी खेडे सोडा, शहरात या, असे का सांगितले, याचा एक अर्थ असा आहे, की शहरातल्या रस्त्यावर कोणी आपल्याला ओळखत नाही. ही अनोळख आपल्या लोकांनी सुटका म्हणून अनुभवली आहे. रस्त्याचे ‘जिव्हाळ्याच्या शेजारात’ रूपांतर करू पाहणाऱ्यांना हे ठाऊक असले पाहिजे.

यान गेल यांचे डॅनिश पुस्तक १९७१ चे. कोपनहेगनमधला स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ साली वाहनांना बंद झाला आणि पायी चालणाऱ्यांचा झाला. त्याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. घराबाहेरच्या हालचालींचे त्यांनी तीन प्रकार केले : आवश्यक, ऐच्छिक आणि सामाजिक. कामावर जाणे आवश्यक. फेरफटका मारणे, ऊन खात बसणे ऐच्छिक. जागा वाईट असली तरी आवश्यक हालचाल होतेच. जागा चांगली झाली की ऐच्छिक हालचाल वाढते. ही विभागणी मोलाची आहे. पण आमच्या शहरांनी ती उचलताना तिचा तोल बिघडवला. २०११ च्या जनगणनेने शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांना कामावर कसे जाता, असे विचारले. त्यांतले साधारण साडेचार कोटी पायी जातात असे दिसले. आपल्या देशातले बहुतांश चालणे हे असे आहे. ते बसभाडे वाचवण्याचे चालणे आहे. आणि आमचे नमुनेदार रस्ते मात्र ऐच्छिक चालण्यासाठी, शहराच्या मध्यभागी, खरेदीच्या पेठांत बांधले जातात. कामगारवस्तीकडून कारखान्याकडे, झोपडपट्टीकडून बंगल्यांकडे धुणीभांडी करायला जाणाऱ्या बायकांच्या वाटेवर सलग पदपथ क्वचितच असतो. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. फेरफटका मारणारे यांत किती आणि पोटासाठी चालणारे किती, हे सरकारी तक्ता सांगत नाही. पण या देशात कोण चालतो हे ज्याला माहीत आहे, त्याला अंदाज करता येईल.

चार

आता आपल्या नियमांकडे वळू. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांच्या सोयींविषयी १९८८ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१२ साली ती सुधारली. त्यांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे चाकाच्या दोन खुर्च्या शेजारून जातील एवढी असावी, कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, डोक्यावर अडथळा नसावा, असे सांगितले आहे. हे नियम माणुसकीचे आहेत. म्हाताऱ्या माणसाला, गरोदर बाईला, अपंगाला त्यांची गरज आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने ही मापे तोंडपाठ करून पट्टी घेऊन आपल्या वस्तीत उतरावे, असे मी म्हणेन.

पण या मोकळ्या १.८ मीटरांसाठी पहिला बळी कोणाचा जातो? पथारीवाल्याचा. पदपथ मोकळा करा असा हुकूम निघाला, की अतिक्रमण विभागाची गाडी प्रथम भाजीची पाटी, चांभाराची पेटी, चहाची टपरी उचलते. त्याच रस्त्याच्या कडेला फुकट उभी असलेली मोटार उचलण्याची घाई त्या गाडीला नसते. हिशेब साधा आहे. एका मोटारीला उभे राहायला साधारण बारा चौरस मीटर जागा लागते. भाजीच्या हातगाडीला दोन चौरस मीटर पुरतात. एका खाजगी मोटारीच्या जागेत पाच-सहा कुटुंबांची चूल पेटू शकते. पण भाषेत ‘अतिक्रमण’ हा शब्द हातगाडीला लागतो आणि मोटारीला ‘पार्किंगची समस्या’ हा सभ्य शब्द मिळतो. भाषा कोणाच्या बाजूने उभी राहते, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

कायद्याने पादचारी आणि पदपथावर जगणारा माणूस यांना एकमेकांसमोर उभे केले, त्यालाही चाळीस वर्षे होऊन गेली. मुंबईत १९८१ साली पदपथावरील झोपड्या हटवण्याची मोहीम झाली, त्यातून ऑल्गा टेलिस खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आणि त्याच निकालात पदपथ पादचाऱ्यांसाठी आहे, म्हणून नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील असेही म्हटले. पदपथावर झोपणारा हाही पायी चालणाराच असतो, हे त्या विभागणीत हरवले. पुढे १९८९ च्या सोदन सिंग निकालाने रस्त्यावर व्यवसाय करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क ठरवला आणि २०१४ साली फेरीवाल्यांचा कायदा झाला. या कायद्यात सर्वेक्षण पूर्ण होण्याआधी कोणाला उठवायचे नाही असे आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व, असेही आहे. रस्त्याच्या आखणीत झाडे, खांब आणि बाके यांच्यासाठी जो पट्टा सोडलेला असतो, त्यात फेरीवाल्याला बसवता येते. मोटारींचा एक पट्टा काढला तर चालणारा आणि विकणारा दोघेही सुखाने राहतात. दोघांचे भांडण निसर्गाने लावलेले नाही. मोटारीला हात लावायचा नाही, असे आधीच ठरल्यामुळे उरलेल्या दोन मीटरांत गरिबाला गरिबाशी भांडावे लागते.

मोटारीला हात न लावण्याच्या या निश्चयातून मुंबईत आणखी एक तोडगा निघाला. २००८ साली वांद्रे पूर्वेला पहिला ‘स्कायवॉक’ झाला, आणि पुढे महानगरात असे अनेक झाले. जमिनीवरचा रस्ता वाहनांना ठेवून माणसालाच जिने चढवून हवेत पाठवायचे, अशी ही कल्पना. आणि जेथे पुलाची खरोखर गरज होती त्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावर अरुंद जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली.

आता झाडूकडे येतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझी आई एका नगरपालिकेत सफाई कामगार होती. पहाटे चारला ती रस्ता झाडायची, म्हणजे दुसऱ्यांच्या पावलांचे ठसे पुसायची. पेशवाईत कमरेला बांधलेला झाडू स्वराज्यात हातात आला आणि त्याला पगार सुरू झाला, एवढा फरक मी मानतो. तो लहान नाही. पण रस्त्याच्या आखणीवरची जी मार्गदर्शक पुस्तके मी वाचली, त्यांत फरशीचा रंग, बाकाची उंची, झाडांची जात यांवर पाने आहेत. ही फरशी कोण झाडणार, त्या माणसाला कपडे बदलायला जागा कोठे, बाईला मुतारी कोठे, पाणी कोठे, यावर ओळ नाही. नक्षीदार दगडांच्या फटींत अडकलेला कचरा वाकून काढावा लागतो, हे आराखडा काढणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. आणि त्या फरशीखालच्या चेंबरात, २०१३ च्या कायद्याने बंदी असताना, आजही माणूस उतरवला जातो आणि गुदमरून मरतो. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई ३० लाखांवर न्यावी लागली. पदपथ उखडून नवा करताना खालचे गटार यंत्राने साफ होईल असे बांधणे हा पादचारी-रचनेचा भाग का नसावा? की रस्त्यावर चालणारा तेवढा माणूस, आणि रस्त्याखाली उतरणारा नव्हे?

पाच

पायी चालणाऱ्यांचे शहर कसे असते, हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला या. लाखो माणसे, बायका, कडेवर पोरे, डोक्यावर गाठोडी, स्थानकापासून चैत्यभूमीपर्यंत चालत असतात. महापालिकेला पाण्याची, शौचालयांची, मंडपांची सोय करावी लागते, आणि ती करता येते हेही त्या दिवशी सिद्ध होते. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या पथाऱ्या लागतात. आपल्या चळवळीची कितीतरी पुस्तके आणि नियतकालिके वाचकांच्या हाती प्रथम पडली ती दुकानात नव्हे, अशा पथारीवर. म्हणजे चालणारा आणि विकणारा तेथे एकमेकांचे शत्रू नसतात. पुस्तक विकणारा नसेल तर चालणाऱ्याची फेरी अपुरी राहते. आणि याच गर्दीविषयी ‘घाण होते’ ही कुरकूरही दरवर्षी ऐकू येते. पादचारी दिनाला आलेली गर्दी ‘चैतन्य’ असते आणि आमची गर्दी ‘घाण’ असते. दोन्हीकडे माणसे पायीच चालत असतात.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा मराठी समीक्षेने त्यातल्या शब्दांची चर्चा पुष्कळ केली. मुंबईच्या एका रस्त्याचे सर्वेक्षण म्हणून तो कोणी वाचला नाही. दलित आत्मकथनांत रस्ता, वेस, पाणवठ्याची वाट, शाळेची वाट यांचे जे तपशील आहेत, ते कोणत्याही वाहतूक-पाहणीत सापडणार नाहीत. नगररचनेच्या महाविद्यालयांनी ते वाचायला हवे. पण आपणही त्यांचे नकाशे वाचायला शिकले पाहिजे. ते आपल्याला कळणार नाहीत, अशी एक भीती आपल्या मनात पिढ्यान् पिढ्या घातलेली आहे. पोथीविषयीही तीच भीती घातलेली होती.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आपल्या गावात, शहरात रस्ता नवा होत असेल तर त्याचा आराखडा मागवा. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे. पदपथ आपल्या वस्तीपाशी येऊन संपतो काय, ते पाहा. चालणाऱ्याला १.८ मीटर ठेवून विकणाऱ्याला जागा दाखवली आहे काय, ते पाहा. बाक आहे त्यावर मजुराला बसू देतात की पहारेकरी उठवतो, ते पाहा. झाडणाऱ्या बाईला पाणी आणि आडोसा कोठे आहे, ते विचारा. नगर पथविक्रेता समिती आहे काय, तिची निवडणूक झाली काय, तिच्यात आपली माणसे आहेत काय, याची लेखी उत्तरे घ्या. उत्तरे मिळाली नाहीत तर महाडला ठराव होऊनही तीन वर्षे काय झाले होते आणि मग काय करावे लागले होते, याची आठवण ठेवा.